एकोणचाळीस यार्ड

आमच्या थोरल्या बहिणीने, लुव्हेनियाने, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चर्चमधल्या एका विधुराशी दुसरं लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नात नवरदेव ढसाढसा रडला. ती रडली नाही. तिचं सगळं लक्ष धाकट्या मुलाकडे, केंड्रेलकडे होतं. केक कापतानासुद्धा ती पाहुण्यांना सांगत होती, "मार्चमध्ये माझ्या पोराला बघायला मोठ्या लीगचे लोक येणार आहेत!"

आणि त्याच वर्षी मी गावभर छाती ठोकून सांगत होतो, "अख्ख्या मिसिसिपीत माझ्यासारखी सरळ रेघ मारणारा माणूस दाखवा!"

कॉलेजच्या फुटबॉल मैदानाचं गवत आणि रेघा एकतीस वर्षं माझ्याकडे होत्या. लिहायला-वाचायला मी चर्चच्या वर्गात वयाच्या चोपन्नाव्या वर्षी शिकलो, पण मोजायच्या टेपवरचे आकडे मला त्याच्या कितीतरी आधीपासून कळत.

केंड्रेल आमच्या कॉलेजचा रिसीव्हर. लांबचा पास फेकला की सुसाट सुटून तो झेलणारा. हात असे, की चेंडू त्यांच्यात येऊन मांजरासारखा निजायचा! पण मागच्या हंगामात मोठ्या लीगसाठी खेळाडू हेरणारा एक पारखी कुंपणाला टेकून दुसऱ्याला सांगत होता आणि मी बादली घेऊन मागेच उभा होतो.

"हात उत्तम. वळतोही झकास. पण वेगाचं काय? चाळीस यार्ड साडेचार सेकंदांच्या आत आला तर बघू. नाहीतर असे झेलणारे प्रत्येक गावात आहेत."

झालं! ते वाक्य माझ्या कानात डास शिरावा तसं शिरलं. त्याच रात्री ताईने मला फोन केला. तिची मूत्रपिंडं थकली होती, आठवड्यातून तीनदा मशीनला लावत होते. ती म्हणाली, "ओडी, पोराचं नाव टीव्हीवर ऐकलं की मी सुटले बघ. तोवर मी काही हलत नाही."

मी म्हणालो, "ताई, तू काळजी सोड. मी आहे ना!"

हे तीन शब्द माणसाने कधी बोलू नयेत.

मार्च उजाडला. मुख्य मैदानाचा पावसाने चिखल झालेला, म्हणून पारख्यांसमोरची परीक्षा सरावाच्या मैदानावर ठरली. तिथे कायमच्या रेघा नसतात. सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही मीच मारायच्या. पहाटे टेप लावली, बरोबर चाळीसवर खुंटी ठोकली. मग खुंटीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि खुंटी एक यार्ड अलीकडे आणली. एकच यार्ड! देवाने एवढं मोठं जग केलं, त्यातलं एक यार्ड कोण मोजतंय?

नऊ पारखी आले. सगळ्यांच्या गळ्यात घड्याळं, तोंडात च्युइंगम, चेहरे अंत्ययात्रेला आल्यासारखे. केंड्रेलची उंची मोजली, पंजा मोजला, उडी मोजली. मग तो रेघेवर वाकला. आणि सुटला! नऊ अंगठे एकदम दाबले गेले.

"चार अडतीस," एकजण पुटपुटला.

"माझ्याकडे चार सदतीस!"

कोच बॅलू माझ्या पाठीवर थापा मारू लागले. "ओडेल, तुझा भाचा आहे की हरीण!" मी खाली बघून हसलो. तिथेच थांबलं असतं तर माझा पुतळा उभा राहिला असता.

पण पुढचा नंबर पिटुकल्याचा होता. पिटुकला म्हणजे समोरच्या गड्यांना अंगाने अडवणारा तीनशे तीस पौंडांचा लाइनमन, केंड्रेलचा जिवलग. तो धावला तेव्हा जमीन हलली, कुंपणावरचे पक्षी उडाले, आणि घड्याळात आले चार पूर्णांक नव्वद!

पारख्यांतला सगळ्यात म्हातारा, हॅस्क्यू नावाचा, च्युइंगम थुंकून म्हणाला, "एवढ्या वजनाचा माणूस एवढ्या वेळात फक्त छतावरून खाली येतो."

कोच बॅलू तावातावाने म्हणाले, "मैदान अस्सल आहे, साहेब! आमच्या ओडेलने स्वतःच्या हातांनी आखलंय!"

माझे हात मी खिशात घातले.

मग पास झेलायची पाळी आली. केंड्रेलने अठ्ठावीस पास झेलले, एकही सोडला नाही. एक तर पाठीमागून आलेला, एका हाताने! हॅस्क्यू वहीत लिहीत होता. सगळं संपलं असं समजून ताई चाकांच्या खुर्चीतून आली, मांडीवर तीन डबे. पोराने वजनासाठी दोन दिवस धड खाल्लं नव्हतं.

"खा माझ्या राजा!" तळलेला कॅटफिश, मॅकरोनी-चीज, रताळ्याचं गोड सारण भरलेली 'स्वीट पोटॅटो पाय'. ती वाढत गेली, तो खात गेला. त्याचे नवे वडील आणखी लिंबूपाणी आणायला धावले.

आणि मी बघतो तर हॅस्क्यू मैदानावर गुडघ्यावर बसून स्वतःची टेप उलगडतोय!

"एकोणचाळीस," तो ओरडला. "रेघ कोणी मारली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. केंड्रेलनेही. तोंडात रताळ्याचा घास, डोळ्यांत प्रश्न.

"टेप..." मी म्हणालो. "टेप जुनी आहे. ताणली असेल."

"टेप ताणली तर यार्ड वाढतं, म्हाताऱ्या. कमी होत नाही," हॅस्क्यू म्हणाला. मग केंड्रेलकडे वळला. "हा तुझा मामा ना?"

"हो, साहेब."

"अस्सं."

त्या 'अस्सं'मध्ये सगळं आलं. मी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की पोराला यातलं काही माहीत नाही. पण नोकरी एकतीस वर्षांची होती, आणि तोंडाला कुलूप लागलं.

नवी रेघ मारली, ती हॅस्क्यूने. पुन्हा धावायचं ठरलं. पिटुकला म्हणाला, "माझ्या पोटात दुखतंय," आणि त्यातून सुटला. केंड्रेल पोटात दोन डबे घेऊन रेघेवर वाकला. वीस यार्डांवर ढेकर, तीसवर पोटात कळ. चार बासष्ट!

"धन्यवाद," पारखी म्हणाले आणि गाड्यांकडे निघाले.

हॅस्क्यूची वही गाडीच्या बॉनेटवर उघडी पडली होती. मी उलटं वाचू शकतो, सावकाश का होईना. केंड्रेलच्या नावापुढे लिहिलं होतं: हात उत्तम. वळण उत्तम. माणूस विश्वासाचा नाही. अक्षरं शिकल्याचा पस्तावा मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

सगळे गेल्यावर कोच बॅलू पायरीवर बसून बोटांवर हिशेब करत होते. "ओडेल, एक यार्ड म्हणजे किती? जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे पोरगा खऱ्या चाळीसला चार अठ्ठेचाळीस होता! साडेचारच्या आत होता रे!"

परीक्षेआधी हिवाळाभर केंड्रेल पिटुकल्याला ट्रकच्या टायरवर बसवून दोरीने बांधावरून ओढत होता. मी रोज बघत होतो. मला वाटायचं, पोरांची मस्ती चाललीय!

एप्रिलमध्ये मोठ्या लीगच्या निवडीचे तीन दिवस ताई लग्नातली टोपी घालून टीव्हीसमोर बसली. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. ती किंचाळली, "आला!" फोन पिटुकल्याचा होता. त्याला एका संघाने बोलावलं होतं.

केंड्रेल त्याच्यासाठी मनापासून हसला. पण त्या दिवसापासून मला 'मामा' म्हणायचं सोडून 'मिस्टर ओडेल' म्हणू लागला. आता तो शेजारच्या गावात शाळेची बस चालवतो, आणि वेळेच्या आधी पोचतो.

ताईला वाटे, त्या परक्या म्हाताऱ्याचीच टेप खोटी. नंतर कोणीतरी तिला सांगितलं, रेघ मुद्दाम हलवली होती. तेव्हा तिने मला बोलावलं. "ओडी, तू आता लिहितोस ना? लीगला पत्र लिही. लिही, की ज्या कुत्र्याने माझ्या पोराची रेघ हलवली, त्याला मरताना पाणी पाजायला कोणी नसो."

मी लिहिलं. माझ्याच हाताने, सुवाच्य.

"वाच," ती म्हणाली. पत्र पाठवण्याआधी तिला दर रविवारी त्यात सुधारणा सुचायची, आणि दर रविवारी मी ते वाचून दाखवायचो.

"नेमका शापाच्या ओळीला अडखळतोस," ती एकदा म्हणाली. "अजून नीट वाचता येत नाही होय रे?"

"नाही येत, ताई."

तिने खुर्ची पुढे ढकलून माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "मग तेवढी ओळ खोडून टाक," ती म्हणाली.

पत्र माझ्याकडेच आहे. लुव्हेनिया त्याच वर्षी, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या सोमवारी सकाळी वारली.