मुळमुले काकांच्या गाडीचं नाक

आमच्या साकेत नगरात सकाळी लोक मुलांची नाकं पुसून त्यांना शाळेच्या बसमध्ये चढवतात. त्याच वेळी मुळमुले काका त्यांच्या गाडीचं नाक पुसत असतात. नाक हा त्यांचाच शब्द. बंपर, बॉनेट, पुढचे दिवे आणि दोन्ही आरसे मिळून गाडीचं नाक. त्यासाठी मलमलीचा वेगळा कपडा आहे आणि तो दुसऱ्या कशाला लागलेला चालत नाही. मागची काच मात्र महिनोन्महिने धुळीने भरलेली असते. तिच्यावर कोणीतरी बोटाने 'मुझे धो दो' असं लिहून ठेवलंय. काकांना त्याचं काहीच नाही.

"मागून लागलं तर त्याची चूक, ताई. पुढून लागलं तर आपली."

हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. मी शेजारीच राहत असल्यामुळे बहुतेक वेळा ते मलाच ऐकावं लागतं.

मुळमुले मूळचे नागपूरचे. काकांचे वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, काका तशाच एका कचेरीतून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. मी तेव्हा भावाकडे नागपूरला गेले होते, त्यामुळे पूजा चुकली. परत आले तो काका फाटकात उभेच.

"ताई, गाडीच्या नाकाला फिल्म लावायची आहे. तुम्ही चला. दुकानदाराला काय काय विचारायचं ते तुम्हाला नीट सुचतं."

मी याद्या करणारी बाई आहे. प्रश्न लिहून घेतले आणि शाहपुऱ्यातल्या दुकानात गेलो. ही फिल्म म्हणजे जाड, पारदर्शक, चिवट कातडी. समोरच्या चाकाखालून खडा उडाला तरी रंगाचा टवका जात नाही. दुकानदाराने आधी गाडी धुतली, मग बॉनेटवर साबणाचं पाणी फवारलं आणि ओल्यावरच फिल्म पसरणार, तेवढ्यात थांबला. बॉनेटच्या मधोमध एक बारीक, वाकडा ओरखडा होता.

"अंकल, पहले ये खरोंच निकाल देते हैं. फिल्म के नीचे रह गई तो दिखती रहेगी."

"रहने दो," काका म्हणाले.

"अंकल, नयी गाड़ी है."

"रहने दो, बेटा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं, जणू मी यांना घेऊन आले होते. शेवटी तो ओरखडा तसाच ठेवून वरून फिल्म बसवली गेली. वहीला कव्हर घालताना आपण बुडबुडे काढतो, तसं त्याने रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकललं, कडा आत दुमडल्या, गरम हवा दिली. काका जवळ उभं राहून फक्त त्या एका जागेकडे पाहत होते. मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की ओरखड्यालाच चिलखत चढवणारा माणूस आपल्या कॉलनीत राहतो. भिशीत बायका खूप हसल्या.

त्यानंतर काकांचा फिल्मवरचा लोभ वाढत गेला. उरलेले तुकडे त्यांनी टीव्हीच्या रिमोटला लावले, दारावरच्या पाटीला लावले, फ्रिजच्या मुठीला लावले. काकू म्हणाल्या, "एक दिवस माझ्या नाकालाही लावतील, बघा." काका गंभीरपणे म्हणाले, "तुझं नाक बिनटवक्याचं आहे, गरज नाही." काकू त्यावर अख्खी संध्याकाळ लाजत होत्या.

आता गाडी चालवण्याबद्दल. काका शाहपुऱ्याच्या तळ्याकाठून संध्याकाळी जात नाहीत, कारण नाकावर चिलटं बसतात. डंपरच्या मागे तर ते मुळीच जात नाहीत. पुढे डंपर दिसला की कडेला थांबतात आणि तो नजरेआड होईपर्यंत वाट पाहतात. रायसेन रोडवर डंपर सतत असतात, म्हणजे काका सतत थांबलेले असतात. मागे हॉर्नचा कल्लोळ उठतो. एकदा एक स्कूटरवाला काचेपाशी वाकून म्हणाला, "अंकल, सो गए क्या?" काकांनी त्याला हात उंचावून आशीर्वाद दिला. अशा वेळी मी ओढणी तोंडावर ओढून घेते, ऊन लागत असल्यासारखी. पावसाळ्यातसुद्धा.

तरी मी त्यांच्या गाडीत बसते, कारण माझी मावशी आनंद नगरात असते आणि तिकडे सोडायला काका नेहमी तयार असतात. "आनंद नगरला जायचंय का?" असं तेच विचारतात. मात्र मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की गाडी थांबते. "इथेच उतरा ताई, आत डंपर असतात." त्या गल्लीत दुधाची गाडी जेमतेम शिरते. पण काकांशी कोण वाद घालणार. मी पिशव्या सावरत उन्हातून चालत जाते आणि ते गाडी वळवून परत फिरतात.

आणखी एक गंमत म्हणजे नारळ. या फेरीत काकांच्या सीटमागे हमखास एक नारळ असतो. ब्रेक लागला की गडगडत माझ्या पायाशी येतो. मी समजत होते, हाही नाक सांभाळायचा काही तोडगा असेल. परत आल्यावर काकू त्याची चटणी करतात. मुळमुल्यांकडची चटणी सगळ्या कॉलनीने खाल्ली आहे.

याच गल्लीत, मावशीच्या घरासमोर, काकांच्या सुनेचं, प्राचीचं, माहेर आहे. प्राचीचे वडील कारखान्यात तंत्रज्ञ होते. मुलगा आणि सून पुण्याला असतात. दोघं भोपाळला आली की प्राची माहेरी उतरते, मुलगा एकटाच साकेत नगरात येऊन चहा पिऊन जातो. कॉलनीला हे माहीत आहे. काकूंना विचारलं की त्या बोलणं चटणीवर नेतात. सासू-सुनेचं पटत नसेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

मागच्या रविवारी मावशीला लोणच्याच्या बरण्या पोचवायच्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली.

"काका, आज आत घ्यावी लागेल. बरण्या जड आहेत."

"आत डंपर..."

"एकही नाही. बघा ना."

काकांनी खरंच पाहिलं. रिकामी गल्ली, एक झोपलेलं कुत्रं. त्यांनी गाडी आत घेतली. मावशीच्या दारात थांबलो तर समोरच्या अंगणात प्राची कपडे वाळत घालत होती. गाडी पाहून तिचा हात तारेवरच राहिला.

"उतरा ताई," काका म्हणाले. स्वतः मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"तुम्ही नाही उतरत?"

"मला लाज वाटते."

मला वाटलं, डंपरबद्दल खोटं बोलल्याची असेल. काका समोर पाहतच बोलत राहिले.

"पूजेला तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बोटातल्या अंगठीचा खडा घासला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुझ्या घरी कधी गाडी पाहिली नाही का. तिचे वडील तिथेच उभे होते. फोडायचा नारळ त्यांच्या हातात होता. त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि मुलीला घेऊन गेले."

"मग तो ओरखडा काढून का नाही टाकलात?"

"निघाला असता. मग मला बरं वाटलं असतं. ते नको होतं."

भिशीतलं ते हसणं आठवलं आणि तोंड कुठे लपवावं कळेना. नारळ पायाशी आला होता. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. एवढंच मला जमलं.

प्राची फाटकातून बाहेर आली. काचेपाशी न येता बॉनेटसमोर उभी राहिली. फिल्मखाली तो ओरखडा उन्हात स्पष्ट दिसत होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. बोट गुळगुळीत घसरलं.

"हे अजून तसंच ठेवलंय, बाबा?"

काका नारळ घेऊन उतरले. "पुढून लागलं, बेटा," ते म्हणाले. नेहमीचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

तेवढ्यात तिचे वडील दारात आले, बनियनवर, हातात वर्तमानपत्र. त्यांनी गाडी पाहिली, काका पाहिले, नारळ पाहिला. काकांनी नारळ दोन्ही हातांनी पुढे केला. मला वाटलं, आता दार लागणार.

मग प्राचीच्या वडिलांनी वर्तमानपत्र तिच्याकडे दिलं, पुढे येऊन नारळ घेतला आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकून दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला. पाणी उडालं ते थेट बंपरवर, दिव्यावर, बॉनेटवर.

मी लगबगीने उतरून गाडीच्या दारातल्या कप्प्यातून मलमलीचा कपडा काढला आणि पुसायला पुढे झाले. काकांनी माझा हात धरला.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले.