पुलावरचा शिपाई आणि माझे चार नियम

शेजारच्या नर्सताईंची पक्कड परत द्यायला मी रविवारची दुपार निवडली, तो काही योगायोग नव्हता. दर रविवारी तीन वाजता त्यांच्याकडे मंडळी जमतात आणि सातपर्यंत "मेला का?" "नाही, अजून धुगधुगी आहे!" असं ऐकू येत राहतं. (भिंत पातळ आहे. मी कान लावत नाही, तो आपोआप लागतो.)

आत टेबलावर नकाशा, वीस बाजूंचे फासे, पेन्सिली. खेळ असा की प्रत्येकाने कागदावर एक माणूस लिहून काढायचा आणि तो आपणच आहोत असं समजून बोलायचं, लढायचं. गोष्ट पुढे नेणाऱ्याला मास्तर म्हणतात. एरवी तो चष्म्याच्या दुकानात असतो. वकीलबाई जादूगार झाल्या होत्या. आणि नर्सताई एक म्हातारा, लंगडा शिपाई. सहा वर्षं!

"बसा ना काका," नर्सताई म्हणाल्या. "आज माझा शेवटचा रविवार. बदली झाली, उद्या निघायचंय. तेवढा शिपाई पूल ओलांडून त्याच्या घरी पोचला की मी मोकळी."

पुलावर राक्षस होता. मी बसलो तेव्हा सव्वातीन झाले होते. साडेचार वाजले तरी राक्षस तसाच. फासा टाकायचा, नियमांची वही उघडायची, बेरीज करायची, मग ढाल डाव्या हातात होती की उजव्या, यावर पाव तास वाद.

माझी सव्वीस वर्षं अर्जांच्या खिडकीवर गेली. खोळंबा दिसला की माझे हात शिवशिवतात. "मास्तर," मी म्हणालो, "एवढ्या वेळात मी शंभर अर्ज निकाली काढले असते."

"मग सुचवा की काहीतरी," मास्तर हसून म्हणाला. (माणूस हसून बोलतो तेव्हा गप्प बसायचं असतं, हे मला या वयातही कळत नाही.)

मी कागद ओढला आणि नियम लिहिले. पाच आकडे मोजेपर्यंत जो बोलणार नाही, त्याची पाळी गेली. प्रत्येक घाव दुप्पट. वहीत बघायचं नाही. आणि मेला तो मेला.

"अपीलसुद्धा नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"अपिलांनीच तर फायली तुंबतात!"

गंमत म्हणून सगळे तयार झाले. आकडे मोजायचं काम अर्थात माझ्याकडे.

काय सांगू, खेळ पळायला लागला! "पुढचा!" जादूगाराने राक्षसाचा हात जाळला. "पुढचा!" राक्षसाने कठडा तोडला. चार मिनिटांत राक्षस अर्धा झाला. मला वाटलं, मी निवृत्त व्हायलाच नको होतं.

मग नर्सताईंची पाळी आली. फासा मुठीत धरून त्या नकाशाकडे बघत राहिल्या. "तो पलीकडे बघतो," त्या हळूच म्हणाल्या, "तिथून त्याच्या घराचं छप्पर..."

"चार, पाच. पुढचा!"

मास्तरने राक्षसाचा फासा टाकला. वीस. दुप्पट.

शिपाई गेला. नर्सताईंनी शिपायाचा कागद उलटा ठेवला. खोडून खोडून तो फडक्यासारखा मऊ झाला होता.

"रद्द! नियम मागे घेतो मी!"

"तुमच्याच अक्षरात आहे, काका," वकीलबाई म्हणाल्या.

"असू द्या हो," म्हणत नर्सताई चहा टाकायला उठल्या. आतला नळ बराच वेळ वाहत होता. चहाला एवढं पाणी लागत नाही.

मी खाली मान घालून घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं.

"अहो, त्या बाईचा सहा वर्षांचा माणूस मारून आलात? उठा!" तिने पायांत चपला सरकवल्या आणि मला पुढे घालून नेलं.

"मेलेल्याला आणायला जाता येतं का?" तिने मास्तरला विचारलं.

"येतं, काकू, पाताळात उतरून. पण जाणाऱ्याला काकांचेच नियम लागू."

"मी जातो!" मी छाती काढून म्हणालो. मला घोडा मिळाला, भाला मिळाला. पाताळाच्या पहिल्याच पायरीवर मी फासा टाकला. एक. घोड्यावरून पडलो. इजा दुप्पट. मीही मेलो.

"पुढचा," वकीलबाई म्हणाल्या.

ही धनगरीण होऊन गेली. पाच आकड्यांच्या आत बोलायचं, हा नियम हिला कधी आडवा येणार? शस्त्र तिने उचललंच नाही. पाताळाच्या द्वारपालाला त्याची आई, त्याचे गुडघे, त्याचं न जमलेलं लग्न, असं एकामागून एक विचारत राहिली. मास्तरला घाम फुटला. पाऊण तासाने द्वारपाल म्हणाला, "न्या बाई हवे तितके, पण जा!"

सातला पाच कमी असताना राक्षस पडला आणि शिपायाने पूल ओलांडला. नर्सताईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि हिचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. माझ्याकडे बघून हसल्याही, तेव्हा मला जास्तच मेल्यासारखं झालं.

घरी येताना मी विचारलं, "फक्त शिपायालाच आणलंस? मला नाही?"

"द्वारपाल म्हणत होता, दोघांनाही न्या."

"मग?"

"म्हटलं, यांची घाई नाही."