नानांचं नाक

पंधरा दिवसांत नानांचं नाक बरं करीन, असं मी जाहीर केलं होतं. वाचनालयातली चार पुस्तकं वाचल्यावर माणसाला एवढा माज येतोच.

सत्तावन्नच्या फ्लूने आखाडात माझ्या वडिलांना, नानांना, गाठलं. ताप गेला, जाताना वास आणि चव घेऊन गेला. नाना नंदुरबारला चुनीलालशेठकडे मिरची पारखत. मूठभर मिरची हातात हलवायची, हुंगायची आणि 'भरा पोत्यात' म्हणायचं. ओली मिरची भरली की पोतं बुरशीने गेलंच. वीस वर्षं शेठ नानांच्या नाकाची बढाई मारत होते. नाक गेल्याचं कळलं असतं, तर कामही गेलं असतं.

शेजारच्या फुलवंताबाईंनी नाकात कांद्याचा रस पिळला. नाना आठवडाभर रडत होते, वास काही आला नाही. कंपाउंडरने पोटदुखीचंच गुलाबी औषध दिलं. अडाण्यांचा बाजार सगळा! मी मात्र शास्त्राने गेले. डोळ्यांवर उपरणं बांधायचं, लवंग, हिंग, जिरं यांचे डबे हलवून नाकाशी धरायचे. आठव्या दिवशी नानांनी सगळे ओळखले.

दुपारी नानांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा शेठना अभिमानाने सांगितलं, "नानांचं नाक पूर्ण बरं झालं."

शेठ नानांकडे वळले. "तुन्हं नाक गयं व्हतं?"

माझं शास्त्र तिथेच संपलं. शेठ आत गेले, मूठभर मिरची घेऊन आले. नानांनी ती हलवली, हुंगली. "वाळेल शे. भरा पोत्यात."

"रॉकेल शिंपडेल शे तिच्यावर."

"पन वाळेल शे ना?"

शेठनी मिरची मोडली. कडकन मोडली. मग नानांनाच खरं काय ते सांगावं लागलं: वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळतं. वीस वर्षं पारख कानाने चालली होती, नाक गिऱ्हाइकांना दाखवायला. शेठनी दुसरी मिरची उचलून स्वतःच्या कानाशी हलवून पाहिली. मग म्हणाले, ही गोष्ट तिघांतच राहू दे, आणि गिऱ्हाइकांसमोर हुंगत जा.

घरी येताना मी मसाल्याच्या डब्यांचं विचारलं.

"लवंगा वाजतस, हिंगना खडा वाजस," नाना म्हणाले.

"आणि माझी भाजी? चार महिने रोज छान म्हणताय ती?"

नाना थोडं चालले. "भाजीना आवाज येत नही, बेटा."

संक्रांतीच्या सुमारास त्यांची चव परतली. ते कोणाला सांगावं लागलं नाही. पहिल्याच घासाला त्यांनी मीठ मागितलं. तेव्हापासून मिठाचा डबा त्यांच्या पाटाशेजारी असे.

नानांना जाऊन चार महिने झाले. डबा अजून तिथेच आहे. भाजी अजून तशीच होते.