दहा वजा परब

आमच्या लालबागच्या चाळीतले दत्ताराम परब कुणाचंही बोलणं ऐकून झालं की त्यातून दहा वजा करत. कुणी पंधरा मिनिटं गाऱ्हाणं सांगितलं की म्हणत, "दहा वजा. पाच मिनटांचा खरा." संपाच्या गेट मिटिंगमध्ये कुणी तासभर बोलला, तर त्यातून ते सहा वेळा दहा वजा करत.

हे दहा त्यांनी द्राक्षांकडून घेतले होते. परब गिरणीच्या सूतखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवावी लागे, आणि परब दिवसभर थर्मामीटर वाचून फळ्यावर आकडे लिहीत. संप झाला, फळा गिरणीत राहिला, परबांचा हात रिकामा झाला. अशात रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. वाइनच्या द्राक्षांसाठी कुठली हवा कुठल्या वर्गात बसते, याबद्दलचं. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या या माणसाने डिक्शनरी शेजारी ठेवून ते महिनाभरात संपवलं.

"सोपा आसा, वहिनीनु," ते मला म्हणाले. "दिवसाचा जास्तीत जास्त तापमान आणि कमीत कमी तापमान. दोघांची सरासरी. त्यातसून दहा वजा."

"दहाच का?"

"दहाच्या खाली वेल निजता. निजलेल्याचा कोण मोजता?"

उरलेले अंश वाढीच्या सात महिन्यांत रोज मिळवत जायचे. बेरीज लहान आली तर जागा थंड, पहिला वर्ग. मोठी आली तर पाचवा. परबांनी मुंबईची बेरीज अंदाजाने करून पाहिली, तर ती पाचव्या वर्गाच्याही पार पुढे निघून गेली. दुसरा कुणी असता तर पुस्तक परत रद्दीत घातलं असतं. परबांनी आमच्या मजल्यापुरते पाच वर्ग नव्याने पाडले आणि बारा खोल्या मोजायला निघाले. थर्मामीटर एकच. उजाडताना एक फेरी, दुपारच्या कडक उन्हात दुसरी. दार वाजवायचं, आत बसायचं, पारा थांबला की वहीत लिहायचं.

मला पहिल्यांदा राग आला तो वहीचा. मजल्याच्या सगळ्या याद्या माझ्याकडे: पाण्याची पाळी, जिना झाडायची पाळी, रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहणार ते. माझा कागद दिसला की लोकांना कामं आठवत. परबांची वही दिसली की दारं उघडत, पोरं कडेला येऊन बसत आणि तीन नंबरच्या खोलीतली म्हातारीसुद्धा विचारी, "आज किती रे, दत्ता?"

दुसरा राग मैनाबाईचा. ती जिन्याजवळ, वाऱ्याच्या तोंडाशी राहणारी. तिला दुसरा वर्ग. मी टोकाला, पत्र्याखाली. संप सुरू झाल्यापासून परळच्या हॉस्पिटलातल्या लोकांचे डबे करत होते, स्टोव्ह दुपारपर्यंत पेटलेला. मला पाचवा.

"आमचं काय बाई, दुसरा वर्ग," मैनाबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणायची. "तुझ्याकडं दोन घटका बसवत न्हाई."

परबांनाही बसवत नसावं. मैनाबाईकडे ते वीस मिनिटं बसत, कोरा चहा घेत. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी, अडीचला येत आणि मिनिटभरात उठत. मी खिडकीला ओलं गोणपाट लावलं. ते यायच्या आधी स्टोव्ह गॅलरीत नेला. पारा दोन अंश उतरला, परब मात्र मिनिटभरातच उठले. हेवा वाटत होता, लिहून टाकलेलं बरं.

मग मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. मोठ्या कागदावर तक्ता आखला: 'थर्मामीटरची पाळी'. प्रत्येक घराने पाच मिनिटं ठेवायचा, आकडा लिहायचा, शेजारी द्यायचा. संध्याकाळी भरलेला तक्ता परबांच्या हातात. कुणाकडे वीस मिनिटं नाहीत, कुणाकडे एक नाही.

"वा वहिनी!" सगळे म्हणाले. माझ्या यादीला पहिल्यांदाच कुणी वा म्हटलं होतं.

परबही म्हणाले, "बरा केलात. माझे पाय वाचले."

चार दिवस तक्ता घड्याळासारखा चालला. पाचव्या दुपारी डबे पाठवून मी गॅलरीत आले, तर परब आपल्या दारात बसलेले. धुतलेला शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली, भांग पाडलेला. बायको-मुलींना संपाच्या सुरुवातीलाच गावी पाठवलं होतं. खोलीतले दोन भाडेकरूही गावी गेलेले.

संध्याकाळी तक्ता द्यायला गेले. आधीचे चारही तक्ते नीट घडी करून पुस्तकावर ठेवलेले होते. एकाचीही बेरीज केलेली नव्हती. परब मोरीत तांदूळ धूत होते. जुनी वही समोर उघडी. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. पण रकाने दिसले की माझी नजर हटत नाही.

आकड्यांपुढे शेऱ्यांचा रकाना होता.

'खोली तीन. म्हातारीचा खोकला कमी.'

'खोली आठ. मैनाबाई. नवरा कामाच्या शोधात सुरतेला, पत्र नाही. चहा नको असला तरी घ्यावा.'

'खोली बारा. वहिनी दोनला जेवतात, तेही उभ्याने. अडीचला जावे. लगेच उठावे, तेवढाच त्यांना आराम.'

मी तक्ता पुस्तकावर ठेवला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर फिरत माझ्याकडे आला, तो घेऊन मी सरळ परबांच्या दारात गेले.

"भावजी, पाळी बंद. लोक मनाला येतील ते आकडे लिहितात."

हे खोटं होतं. माझ्या तक्त्यात एकही चूक नव्हती, आणि तसं म्हणताना मला जड गेलं.

"मगे?"

"तुम्हीच फिरा. आणि माझ्याकडे दोनला यायचं."

ते गडबडले. "दोनाक तुमचा जेवण."

"म्हणूनच. समोर कुणी बसलं की मीही बसून जेवेन."

परबांनी थर्मामीटर हातात घेतला. पारा न बघताच शर्टाला पुसला, मग पुन्हा पुसला.

मला राहवलं नाही. "मैनाबाईकडे कधी जाणार?"

"तुमच्यानंतर," ते म्हणाले आणि चपला शोधायला खाली वाकले. त्यांना त्या लवकर सापडल्या नाहीत.