मिलिंग मशीन संगणकाचे अमलाखाली आणिले त्याची हकीकत

सकलगुणमंडित, अखंड सोशिक वाचक यांचे सेवेसी बखरनवीसाची विज्ञापना ऐसी जे, आपण आज्ञा केली की, खिडकीची एक कडी तुटली त्यावरून एवढा रणसंग्राम कैसा पेटला, किती सरंजाम खर्ची पडला आणि अखेर यश कोणाचे पदरी आले, हे साद्यंत लिहून कळवावे. त्यास, जैसे पाहिले तैसे लिहितो. पदरचे मीठ-मिरची घातलेच असेल तर चवीपुरते.

मागील खोलीचे मुलखावर श्रीमंत अहोसाहेब यांचा अंमल होता. त्यांस दुसरे नाव नव्हते ऐसे नव्हे, परंतु लग्नापासून घरात 'अहो' हाच पुकारा होई आणि तेही त्यासच ओ देत, म्हणोन बखरीतही तेच चालविले आहे. त्यांचे पदरी एक जुने मिलिंग मशीन होते. शिकंज्यात धातूचा तुकडा जखडावा, वरून कटर गरगरावा, आणि खाली हँडले फिरवून टेबल डावे-उजवे, पुढे-मागे सरकवावे, म्हणजे हवा तो आकार कोरून निघे. एका बंद पडल्या कारखान्यातून ते घरी आणिले तेव्हा जिन्याचे टवके उडाले आणि हमालांनी या घराची पायरी पुन्हा न चढण्याची शपथ वाहिली. अहोसाहेब दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे हुकूम झेलीत आणि संध्याकाळी या यंत्रापाशी येऊन राजे होत.

ऐसे सुखात चालले असता स्वयंपाकघराचे खिडकीची कडी तुटली आणि वाऱ्याबरोबर खिडकी आपटू लागली. मग स्वयंपाकघराच्या धनीण बाईसाहेब, म्हणजे अहोसाहेबांचे कुटुंब, यांनी कळविले की एक पितळी कडी करून द्यावी. हाताने केली असती तर चहा निवायचे आत जाहली असती. परंतु अहोसाहेबांचे डोकीत वारे शिरले, की हँडले फिरविणे हे प्याद्यांचे काम. आता हँडले काढावी, त्या जागी मोटारी बसवाव्या, संगणकाने हुकूम करावा आणि टेबलाने आपले आपण चालावे, आणि ऐशा यंत्राने पहिली कामगिरी म्हणोन कडी कोरावी. तोवर खिडकी सुतळीने बांधिली. बाईसाहेबांनी विचारिले की तोवर म्हणजे कोठवर. अहोसाहेबांनी सुतळीस आणखी एक गाठ मारिली.

मग मोहिमेस कुमक पाहिजे म्हणोन बाईसाहेबांचे धाकटे बंधू, राजश्री मेहुणे, यांस पाचारण केले. हे संगणकविद्येत निष्णात म्हणविणारे, आणि यंत्राचे तोंड कोणते व पाठ कोणती हे न जाणणारे. ते काखेत संगणक मारून दाखल जाहले आणि प्रथम भोजनाचा बंदोबस्त विचारिला. पुढे मोटारी आल्या, त्यांस वीज वाटणारी काळी पेटी आली, तारांची भेंडोळी आली, आणि दोघे वीर कोपरापर्यंत ग्रीस माखून यंत्राखाली शिरले आणि बाईसाहेबांचे चांगले टॉवेल हात पुसण्याकामी शहीद जाहले. पितळेचा कीस पायमोज्यांतून गादीत पोचला. त्याविषयी बाईसाहेबांनी जे शब्द काढिले ते येथे लिहीत नाही.

पहिला हल्ला ऐसा जाहला की, मेहुण्यांनी टेबल उजवीकडे जावे म्हणोन कळ दाबिली आणि टेबल डावीकडे सुसाट निघाले आणि कटर थेट शिकंज्यास जाऊन भिडला. मोठा आवाज जाहला आणि कटराचे दोन तुकडे होऊन एक कपाटामागे परागंदा जाहला, तो अद्याप सापडला नाही. मेहुण्यांनी शांतपणे निवाडा दिला की संगणकाचे बरोबर आहे, टेबलच उलटे आहे. मग मोटारीच्या तारा उलटसुलट केल्या आणि टेबल ताळ्यावर आले.

मग टेबलाने आपली हद्द ओलांडू नये म्हणोन कडेस नाकी बसविली. नाके म्हणजे एक बारीक स्विच. टेबल कडेस येऊन त्यास टेकले की स्विचाने वर्दी द्यावी आणि यंत्राने जागीच थांबावे. त्या वर्दीसाठी तार पाहिजे होती, आणि अहोसाहेबांनी काटकसरीचा विचार करून दारावरील घंटीची तार उपटोन आणिली आणि स्वयंपाकघराचे भिंतीवरून, असलेल्याच खिळ्यांवरून नेली. त्या दिवसापासून पाहुणे दाराशी हाका मारू लागले.

आणि येथेच घात जाहला. पितळ जखडावे, यंत्र चालू करावे, कडीचा अर्धा आकार सुरेख उमटावा, आणि इतक्यात, टेबल मुलखाचे ऐन मध्यावर असता, नाक्यावरून वर्दी यावी की हद्द आली. यंत्र थांबावे, आपण कोठे होतो हे विसरावे, पुन्हा चालविले की भलतीकडेच कोरावे, आणि कडी वाया जावी. ऐसे रोज संध्याकाळी होऊ लागले. अहोसाहेबांनी स्विच बदलिले, स्क्रू बदलिले, शेजाऱ्यांचे लिफ्टवर संशय घेतला, मेहुण्यांवरही घेतला. मेहुण्यांनी तीन वेळा संगणक बंद करून चालू केला, कारण त्यांचे विद्येतील ब्रह्मास्त्र तेच होते. बिघडल्या कड्यांनी बादली भरत आली.

तेव्हा बाईसाहेबांचे फर्मान सुटले. रविवारी भंगारवाला दाराशी येतो. त्याचे आत या यंत्राने, कोणाचा हात न लागता, घराचे उपयोगाची वस्तू म्हणोन ती कडी करून दाखवावी. न केल्यास यंत्र, मोटारी आणि काळी पेटी त्याचे हवाली होतील, आणि मेहुण्यांसही नेतो का ऐसे विचारण्यात येईल. यावर अपील नव्हते. अहोसाहेब यंत्रावर हात ठेवून उभे राहिले. हे गेले तर कचेरीतून घरी येऊन करावयाचे काय, हे त्यांस खरोखर ठाऊक नव्हते.

शनिवारी पितळेचा एकच तुकडा शिल्लक राहिला. तो जपावा म्हणोन कटर उंच धरून हवेतच रंगीत तालीम केली. यंत्र आरंभापासून शेवटापर्यंत बिनबोभाट चालले. पुन्हा चालविले, पुन्हा तैसेच. मेहुण्यांनी तत्काळ यश आपले नावे लावून घेतिले. अहोसाहेब ही खुशखबर सांगावयास स्वयंपाकघरात धावले, तो बाईसाहेब जमिनीवर बसून खलबत्त्यात वाटण कुटीत होत्या आणि मधून मधून मनगट झटकीत होत्या. ते मनगट मागे मुरगळले होते आणि पुरते बरे जाहले नव्हते.

अहोसाहेबांनी विचारिले की मिक्सर कोठे. कळले की मिक्सरचे भांड्याखाली जी दातेरी चकती असते तिचे दात झडले, आणि दुकानदार म्हणाला की एवढा जुना मिक्सर मी वडिलांचे काळी पाहिला होता, त्याचा भाग आता मिळणे नाही. ते ऐकोन अहोसाहेबांची नजर भिंतीवर गेली. घंटीची तार आणि मिक्सरची तार एकाच खिळ्यावरून गळ्यात गळे घालून चालल्या होत्या. मिक्सर घरघरला की त्याचा खरखराट शेजारचे तारेत उतरे आणि नाके खोटी वर्दी देई, आणि रोज संध्याकाळी वाटणाची वेळ तीच यंत्राची वेळ. फितुरी घरातच होती. अहोसाहेब तारेवरून बोट फिरवू लागले, आणि मागोमाग आलेल्या मेहुण्यांनी सगळे फोडून सांगितले.

बाईसाहेबांनी बत्ता खाली ठेविला आणि म्हणाल्या, "म्हणजे मिक्सर मेला म्हणून तुमचं यंत्र जगलं. बरं झालं की मग. करा तुमची कडी, मी बसते कुटत."

मागील खोलीत मसलत भरली. मेहुण्यांनी सल्ला दिला की, भाऊजी, शत्रू आपोआप पडला आहे, त्यास उठवू नये. उरल्या पितळेची कडी करावी, फर्मान पुरे करावे, ताईचे मनगटास मलम आणावे. मसलत व्यवहाराची होती. परंतु भिंतीपलीकडून बत्त्याचे ठोके येत होते, आणि मध्येच थांबत होते, आणि थांबले की पितळ मापणारी अहोसाहेबांचे बोटांतील पट्टीही थांबत होती. अखेर त्यांनी झडलेली चकती मागवून घेतिली, दातन् दात मोजिला आणि मेहुण्यांस हुकूम केला की कडीचे चित्र पुसावे आणि संगणकावर ही चकती काढावी. मेहुण्यांनी आठवण दिली की पितळ एकच आहे. अहोसाहेब म्हणाले, "माहीत आहे मला. तू काढ."

मग यंत्र चालले. अहोसाहेबांनी हात पाठीमागे बांधिले, कारण कोणाचा हात लागू नये ही अट होती, आणि ते हात हँडलासाठी शिवशिवत होते. कटराने दातामागून दात कोरिला, पितळेचा कीस उडाला, आणि यंत्राने आपले हाताने आपले वैऱ्यास नवे दात दिले. ऐसा प्रसंग कोण्या बखरीत वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही.

रविवारी चकती बसवून मिक्सर लाविला, तो पूर्वीहून दुप्पट गरजला. त्याच घटकेस भंगारवाल्याने, घंटी नाही म्हणोन, दारावर थाप मारिली. अहोसाहेब यंत्राचे आड उभे राहिले. फर्मानात कडी लिहिली होती आणि कडी जाहली नव्हती. पितळही उरले नव्हते. बाईसाहेबांनी मिक्सर बंद केला, मागील खोलीत आल्या, यंत्राकडे पाहिले, अहोसाहेबांकडे पाहिले, आणि खाली वाकून बिघडल्या कड्यांची बादली डाव्या हाताने उचलून दाराशी नेली.

"आज एवढंच आहे," त्या भंगारवाल्यास म्हणाल्या. "पुढच्या रविवारी विचारून जा."

त्यावर तह जाहला तो ऐसा. बाईसाहेबांनी मिक्सर लावण्याआधी 'लावते हो' ऐसा पुकारा करावा आणि अहोसाहेबांनी यंत्र थांबवावे. मिक्सर चालू असता हात रिकामे राहतात, म्हणोन त्या अवधीत अहोसाहेबांनी लसूण सोलावा. खरखराट न शिरेल ऐशी, धातूचे जाळीने मढविलेली तार यथावकाश आणवून घंटीची तार घंटीस परत करावी. मेहुण्यांनी जेवण्याआधी कळवीत जावे.

येणेप्रमाणे मिलिंग मशीन संगणकाचे अमलाखाली आले, शत्रूस जीवदान दिले आणि अहोसाहेबांची फत्ते जाहली, ती येथे रीतसर नोंदविली. खिडकीस कडी अद्याप नाही. विजयाप्रीत्यर्थ सुतळी मात्र नवी बांधिली आहे.