आपला चोर

पाणीपुरवठा ऑफिसातल्या कॉम्प्युटरची राखण करणाऱ्या साहेबांना सगळे कुलूपराव म्हणत. घरच्या वायफायचा पासवर्ड ते बायकोलाही सांगत नसत, मग इतरांची काय कथा. "माझ्या ऑफिसात मुंगी शिरून दाखवू दे," असं ते एकदा मोठ्या साहेबांसमोर बोलून गेले आणि तिथेच त्यांनी माती खाल्ली.

"बघूच," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी बाहेरचा एक तज्ज्ञ ठरवला. आधी सांगून-सवरून चोरी करायची आणि कुठून शिरलो ते दाखवायचं, म्हणजे मालकाला ती भोकं बुजवता येतात, हा त्याचा धंदा. पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात त्याला. "तो दारातून शिरो की नेटवर्कमधून, शिरला की तुम्ही घरी," मोठ्या साहेबांनी हसत हसत सांगितलं.

या वयात दुसरी नोकरी कोण देणार? कुलूपरावांनी रिसेप्शनच्या बाईंना हळूच गाठलं.

"बाई, या आठवड्यात आपला चोर येणार आहे. लक्ष ठेवा, आणि कुठे बोलू नका."

बाई कुठेच बोलल्या नाहीत. फक्त वॉचमनकाकांना बोलल्या आणि काका फक्त गेटबाहेरच्या दुकानांत बोलले. वाटेत 'लक्ष ठेवा' तेवढं गळालं.

दोन दिवसांनी दुपारी एक टापटीप माणूस आला.

"सर्व्हर कुठंय?"

"तुम्ही आपलेच ना?" बाईंनी विचारलं.

"आपलाच की."

बिचारा पोटासाठी करतो, म्हणून बाईंनी त्याला चहा पाजला. काका सर्व्हर गाडीपर्यंत उचलू लागले. "सावकाश हं, सगळ्यांची बिलं आहेत त्यात," असंही म्हणाले.

कुलूपराव जेवून आले तर खोलीत नुसत्या वायरी लोंबत होत्या. उसनं अवसान आणून त्यांनी तज्ज्ञाला फोन लावला.

"जिंकलात. आता सर्व्हर आणून द्या."

"कसला सर्व्हर?" तज्ज्ञ वैतागला होता. "तुमचं नेटवर्क दाद देईना, म्हणून आज स्वतः आलो. तर वॉचमन गेटवरच अडवतोय. म्हणतो, आमचा चोर आत्ताच येऊन गेला."

मग पोलीस आले. बाईंनी आणि काकांनी चक्क हात वर केले, आम्ही कुणाला पाहिलंच नाही म्हणाले. नोकरी त्यांनाही हवीच होती. आणि चोराची खबर आपणच फोडली, हे कुलूपरावांनाही सांगता येईना. संध्याकाळी तज्ज्ञाचा अहवाल आला आणि मोठ्या साहेबांनी तो मोठ्याने वाचला. बंदोबस्त अभेद्य आहे, बाहेरचा माणूस आत शिरणं अशक्य. कुलूपरावांचा जीव क्षणभर भांड्यात पडला.

"बाहेरचा शिरूच शकत नाही," मोठे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे नेणारा आतलाच. आणि त्या खोलीत तुमच्याशिवाय बसतं कोण?"

हवालदाराने खुर्ची पुढे ओढली.

"नाही हो साहेब," कुलूपराव रडकुंडीला येऊन म्हणाले, "शिरू शकतो. कुणीही शिरू शकतो. आमचा बंदोबस्त अगदी भिकार आहे हो, आईशप्पथ."

"हेच लिहून द्या," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला.