हिरडीवरची निळी रेघ

“ओठ खाली ओढ. आनखी. लाजतो काय? मी काय तुला पसंत करायला आलोय व्हय?”

नोकरीच्या पहिल्या सकाळी कारखान्याच्या पत्र्याच्या दारात मी पाऊल टाकलं आणि कानावर आलं ते हे वाक्य. आत एक आडदांड, मिशाळ माणूस स्वतःचा खालचा ओठ चिमटीत धरून छताकडे बघत उभा होता. त्याच्यापुढे खाकी अर्ध्या चड्डीतले एक किडकिडीत गृहस्थ टाचा उंच करून त्याच्या तोंडात टॉर्च मारत होते. मागे आणखी माणसांची रांग. मी दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरले असं वाटून परत बाहेर गेले आणि पाटी वाचली. पाटीवर केबल आणि पाइप असंच लिहिलेलं होतं.

पुन्हा आत आले तेव्हा टॉर्च माझ्यावर वळला.

“तुमी कोण?”

“नवीन टायपिस्ट.”

“तोंड उघडा.”

मी ते जास्तच घट्ट मिटलं.

“बोलायला न्हाय म्हणत मी, अम्मा. दाखवायला.”

आमच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला इंग्रजीबरोबर आणखी एक गोष्ट पक्की शिकवली होती. हसताना, खोकताना, जांभई देताना तोंडावर रुमाल हवा. चारचौघांत तोंड उघडून दाखवायला कुणी सांगेल अशी शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मी मदतीसाठी शेठच्या केबिनकडे पाहिलं. काचेमागून शेठनी हाताने खूण केली, की दाखवून टाका, लवकर सुटाल. पुढे कळलं की दर सोमवारी शेठही दाखवत.

हे व्यंकय्या मेस्त्री. घरची भाषा तेलुगू, घराणं विणकराचं. पण हातमागावर त्यांचं मन रमलं नाही. “मागावर बसला की मानूस मागाचंच ऐकतो,” असं ते म्हणत. “मला बोलायला लागतंय.” म्हणून ते तरुणपणीच शिशाच्या प्रेसवर आले आणि त्या प्रेसचा आवाज हातमागाच्या दसपट होता. त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. “मोठ्या आवाजात बोलायला मजा येती की.”

आमच्या कारखान्यात शिशाच्या नळ्या निघत आणि केबलवर शिशाचं आवरण चढत असे. ते कसं चढतं हे मला शेठनी आकृती काढून समजावलं, तेव्हा काही कळलं नाही. व्यंकय्यांनी एका वाक्यात सांगितलं. “चकलीचा सोऱ्या बघितला का? त्यात पिठाऐवजी शिसं, आन् चकलीच्या पोटातनं एक दोरी.” कढईत वितळवलेलं शिसं प्रेसच्या पोटात ओतायचं, ते जरा आळलं की वरून दाब द्यायचा, आणि खालच्या साच्यातून आत तार घेतलेली चकचकीत नळी संथपणे बाहेर येत राहायची. तिच्या निवलेल्या टोकावरून तळवा फिरवत व्यंकय्या तिच्याशी बोलत. “ये, ये. घाबरू नको. सरळ ये.”

खुद्द प्रेसला ते ‘अत्तगारू’ म्हणत. तेलुगूत अत्तगारू म्हणजे सासूबाई. “कितीबी घाला, हिच्या मनाला येईल तेवढंच बाहेर काढती. गरम केल्याबिगर हलत न्हाय. आन् जास्त गरम केली की बघायलाच नको.” शिसं साच्यातून खडबडीत आलं की ते हात जोडून म्हणत, “अत्तगारू, आज काय चुकलं आमचं?” मी एकदा विचारलं, खरी सासू कशी होती. ते म्हणाले, “लई गरीब. तिला एक शब्द बोलायची वेळ आली न्हाय. सगळं हिच्यासाठी शिल्लक राहिलं.”

त्या काळात बाजारात प्लॅस्टिकच्या आवरणाची वायर यायला लागली होती. एकदा शेठनी तिचा तुकडा आणून व्यंकय्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाकवला, हुंगला आणि परत केला. “ह्यो रेनकोट हाय, शेठ. आपण करतो ते कातडं.”

पण सोमवारची दंततपासणी ही त्यांची खरी कीर्ती. शिशाची वाफ आणि भुकटी माणसाच्या अंगात भिनत जाते आणि सगळ्यात आधी दाताच्या मुळाशी, हिरडीवर, बारीक निळी रेघ उमटवते. तरुणपणी आपल्या पहिल्या मेस्त्रीकडून व्यंकय्या हे शिकले होते. ते शिकले आणि त्या दिवसापासून त्यांना माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसत्या हिरड्या दिसू लागल्या. कामावरची माणसं ते हिरड्यांवरून लक्षात ठेवत. “तो नव्हं का, वरचा एक दात आडवा?” असं म्हटलं की तो म्हणजे भट्टीवरचा इस्माईल.

रेघेवर उतारा म्हणून गूळ. शिशाच्या कामावर गूळ खायचा हे सगळीकडेच चालतं, पण आमच्याकडे कामाशी संबंध नसलेल्यांनाही सुटका नव्हती. पोस्टमन, मीटर बघणारा, पत्ता चुकून आत आलेला माणूस, दारातून आत आला की त्याच्या तळहातावर खडा पडलाच. आणि नुसता देऊन भागत नसे. तो गिळेपर्यंत व्यंकय्या त्याच्या गळ्याकडे बघत उभे राहात. शेठचे सासरे आले होते तेव्हा ते म्हणाले, मला साखरेचा आजार आहे. व्यंकय्या म्हणाले, “साखर कुठं देतोय? गूळ देतोय की.”

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब माल बघायला आले. सफारी सूट, तोंडात पान. शेठ स्वतः छत्री धरून त्यांना आत घेऊन आले. साहेब भट्टीजवळ उभे राहून माहिती विचारू लागले आणि व्यंकय्यांचा हात टॉर्चकडे चालला.

“साहेब, जरा ओठ.”

“काय म्हणतो हा?” साहेबांनी शेठना विचारलं.

“काही नाही, काही नाही. आमची पद्धत आहे,” शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

साहेबांनी कुतूहलापोटी म्हणा, गोंधळून म्हणा, ओठ खाली ओढला. व्यंकय्यांनी बराच वेळ टॉर्च मारला आणि निराश होऊन तो बंद केला. “सगळं रंगवून ठेवलंय. निळं हाय का पिवळं, काय कळायचं? साहेब, आधी चूळ भरून या.”

ऑर्डर आम्हालाच मिळाली. साहेब जाताना गुळाचा खडा चघळत होते.

माझं टेबल प्रेसच्या बाजूच्या खिडकीला लागून होतं आणि खिडकीची एक काच फुटलेली होती. त्या भोकातून व्यंकय्या दिवसभर माझ्याशी बोलत. मिरच्यांचे भाव, शेजारच्या जावाजावांची भांडणं, भिवंडीला पॉवरलूमवर गेलेला मुलगा, आजचं शिसं. मी टाइप करता करता मान हलवत असे. मराठी मला लिहायला जमायचं, पण बोलायला तोंड उघडलं की वाक्याच्या मध्येच एखादा इंग्रजी शब्द येऊन बसायचा आणि मग समोरचा हसेल म्हणून मी वाक्यच सोडून द्यायची. एका संध्याकाळी, दिवसभरात माझ्या तोंडून एक अक्षर निघालेलं नसताना, व्यंकय्या घरी जाताना म्हणाले, “अम्मा, तुमच्यासंगं बोललं की लई बरं वाटतंय. तुमी लई छान बोलता.”

ज्याच्या हिरडीवर रेघ दिसेल त्याची रवानगी गोदामात, हा व्यंकय्यांचा कायदा. तिथे शिशाचा संबंध नाही. तारांची वेटोळी बांधायची आणि त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, रेघ जाईपर्यंत. पगार तोच. त्या पगारासाठी ते शेठशी किती भांडले होते हे मला हेडक्लार्कनी सांगितलं. कामगारांना मात्र गोदाम म्हणजे शिक्षा वाटे. आवाराच्या पार टोकाला, कुंपणाला टेकलेली ती पत्र्याची शेड. तिथे प्रेसचा आवाजही पोचत नसे. इस्माईल एकदा तिथे राहून आला आणि सगळ्यांना सांगत सुटला, “गोदाम में बात करनेकू घूसाँ मिलते बस. वो बी जवाब नै देते.”

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी त्याने सूड उगवला. सगळ्यांसमोर म्हणाला, “मेस्त्री, तुम सबके दाँताँ देखते. तुम्हारे कौन देखता?”

व्यंकय्यांनी शांतपणे तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, मग खालची काढली आणि दोन्ही इस्माईलच्या तळहातावर ठेवल्या. “घे. उजेडात ने. नीट बघ.” कवळीशिवाय ते काय म्हणाले ते नीट कळलं नाही, पण अर्थ कळला. मिश्रीपायी दात कधीच गेले होते. इस्माईल त्या कवळ्या घेऊन इतका ओशाळला की त्या कुणाकडे द्याव्यात हेच त्याला सुचेना. सगळा कारखाना हसला. मीही हसले, रुमालाआड.

हसताना कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की रेघ उमटायला दात लागतात.

ते माझ्या लक्षात आलं पुढच्या उन्हाळ्यात. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आत भट्टी. माणसं बोलायचीसुद्धा बंद झाली होती, एक व्यंकय्या सोडून. रोज काम संपलं की ते चपला काढून अत्तगारूंना नमस्कार करत. त्या संध्याकाळी त्यांनी हात जोडले तेव्हा डावा तळवा सरळ उभा राहिला आणि उजवा मनगटातून खाली लोंबला. त्यांनी डाव्या हाताने तो उचलून जागेवर लावला, जसं पडलेलं फूल देवाच्या डोक्यावर परत ठेवावं तसं. तो पुन्हा पडला. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एका हातानेच नमस्कार उरकला.

नव्या माणसाला ते काय सांगतात हे मी खिडकीतून कितीदा ऐकलं होतं. “रेघ दिसली आन् ऐकलं न्हाय, तर एक दिवस मनगट पडतंय. केळीच्या पानावानी. मग जेवायला बी दुसऱ्याचा हात.”

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या भोकातून म्हटलं, “मेस्त्री, तुमचा हात...”

“झोपलाय. कालपासनं उठवतोय.” आणि त्यांनी गुळाचा खडा पुढे केला, डाव्या हाताने.

मी तो घेतला नाही. ते भोकाजवळ सरकले आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

“कुनाला सांगू नका, अम्मा. गोदामात पाठवतील.”

“पण तुम्हीच तर सगळ्यांना पाठवता.”

“त्यांना घरी बायकापोरं हायत. दिवसभर गप बसले तरी सांजच्याला बोलत्यात की. आमची गेली, पोरगं तिकडं. मी हितनं गप निघालो, तर उद्या सकाळपतुर गपच.” मग ते हसले. “मला काय हुतंय? मला रेघ कुठाय?”

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कोणत्या शब्दांत, हे जुळवण्यात माझे काही दिवस गेले. तेवढ्यात अत्तगारूंनीच सांगून टाकलं.

साचा बदलायचा होता. हे काम व्यंकय्या दुसऱ्याला करू देत नसत. त्यांनी लोखंडी साचा दोन्ही हातांनी उचलला, उजवा हात मनगटात मोडला आणि साचा खाली गेला. इस्माईलने त्यांना मागे ओढलं म्हणून पाय वाचला. दणका ऐकून शेठ केबिनमधून बाहेर आले. इस्माईलने व्यंकय्यांचा उजवा हात कोपरापाशी धरून वर उचलला. पंजा खाली लोंबत होता. सगळ्यांनी तो बघितला. त्या सगळ्यांना व्यंकय्यांनीच शिकवलं होतं.

“अरे देवा,” शेठ म्हणाले. “आजच डॉक्टरकडे जायचं. आणि हात उठेपर्यंत गोदाम. पगार चालू राहील.”

“गोदाम न्हाय.”

“व्यंकय्या, कायदा तुमचाच आहे.”

“कायदा दातवाल्यांना हाय.”

“जीव जाईल ना, भाई!”

व्यंकय्यांनी खुंटीवरचा डबा काढला. डाव्या हाताने टोपी सारखी केली. “तर मग ऱ्हायलं. गल्लीतल्या बॅटरीवाल्याला शिसं वितळवायला मानूस पायजेच हाय. तिथं बोलायला तरी मिळंल.”

“मेस्त्री, नक्को करो ऐसा,” इस्माईल म्हणाला. त्याच्या आवाजात आता सूड नव्हता. बॅटरीवाला उघड्यावर, टिनाच्या डब्यात शिसं वितळवतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण व्यंकय्या चपला शोधत होते. शेठ त्यांच्याकडे बघत होते आणि इस्माईल शेठकडे.

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला. दारातून बाहेर आले तेव्हा हातात रुमाल होता, तो मी कमरेला खोचला. सगळे माझ्याकडे वळले. शेठ म्हणाले, “काय झालं, बाई?” वाक्य मी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, आणि दोन्ही विसरून गेले.

“शेठ, मला इथल्या आवाजात टाइप करायला जमत नाही,” मी म्हणाले. “माझं टेबल गोदामात हलवा. पण तिथे मला एकटीला भीती वाटते. मेस्त्री दिवसभर बोलत बसणार असतील, तरच मी जाईन.”